आकाशांतील बोलणें आणि ऐकणें

भुसावळच्या जंक्शनांतून दिवसरात्र गाड्या ये-जा करीत असतात. प्रवाशाला इंजिनाची शिटी ऐकूं येते, सिग्नलचा दिवा दिसतो. पण गाडी पुढच्या स्थानकाकडे निघण्यापूर्वीं दोन स्टेशनमास्तरांमध्यें जो चार शब्दांचा व्यवहार होतो, तो त्याच्या कानीं पडत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत लोहमार्ग खानदेशांत आला आणि त्याच्या मागोमाग ‘लाईन क्लिअर’ हा शब्दहि आला. पुढील रस्ता मोकळा आहे काय, असें एकानें विचारावयाचें आणि मोकळा असल्यास दुसऱ्यानें तसें कळवावयाचें, एवढाच या शब्दाचा अर्थ. परंतु जेथें हा व्यवहार टेलिफोनवर चालतो, तेथें नुसतें ‘होय’ म्हणून भागत नाहीं. परवानगी देणारा स्टेशनमास्तर आपल्याजवळच्या छापील तक्त्यांतील एक खासगी आंकडा सांगतो. घेणारा तो आपल्या नोंदवहींत लिहून घेतो. आणि मगच गाडी पुढें सोडावयाची असते.

तिऱ्हाइताला हा आंकडा म्हणजे विनाकारण वाढविलेला कागदी व्याप वाटेल. वस्तुतः त्यामध्यें बऱ्याच कडू अनुभवांचें सार सांठविलेलें आहे. ‘होय’ हा शब्द संवयीनें निघूं शकतो, घाईनें निघूं शकतो, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीं अर्धवट झोपेंतहि निघूं शकतो. तक्त्यांतील आंकडा तसा निघत नाहीं. तो शोधावा लागतो, वाचावा लागतो, आणि वाचतांना आपण काय कबूल करीत आहों याची माणसाला पुन्हां एकदां जाणीव होते. सांगणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द आणि ऐकणाऱ्याच्या मनांत उतरलेला अर्थ हे दोन्ही एकच आहेत असें गृहीत धरावयाचें नाहीं, तें प्रत्येक वेळीं ताडून पाहावयाचें, हें तत्त्व आगगाडीनें अशा रीतीनें माणसाच्या अंगीं बाणविलें.

आगगाडीला निदान रूळ तरी असतात. विमानाला तेवढाहि आधार नाहीं. ढगांत शिरल्यावर वैमानिकाला समोरचा डोंगर दिसत नाहीं, आणि शेजारून येणारें दुसरें विमानहि दिसत नाहीं. जमिनीवरचा नियंत्रक त्याला पाहत असलाच, तर पडद्यावरील एका ठिपक्याच्या रूपानें पाहतो. या दोघांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे शब्द. तो धागा कोठें व कसा तुटला, आणि तुटल्यावर तो अधिक घट्ट कसा वळला गेला, याचा इतिहास हा विमानविद्येच्या इतिहासाचा एक गंभीर भाग आहे. आणि त्यांत मुंबईचें, सह्याद्रीचें व भारतीय विमानांचें नांव एकाहून अधिक वेळां आलेलें आहे.

आरंभींच्या काळीं आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, कारण बोलण्याची सोयच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादवरून मुंबईस जुहू येथें उतरले, तेव्हां त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें आणि वाट दाखविणारें कोणतेंहि साधन जमिनीवर नव्हतें. त्या काळचा वैमानिक नदी, लोहमार्ग आणि किनारा पाहून वाट काढीत असे; चुकला तर स्वतःच्या नजरेला दोष देत असे.

युरोपांत मात्र लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० पासूनच नियंत्रणाचा मनोरा उभा होता, आणि लंडन व पॅरिस यांच्या दरम्यान उडणाऱ्या विमानांशीं तेथून बिनतारी संभाषण चाले. तेथेंच पहिली भाषिक अडचण उभी राहिली. तारयंत्रावर चालणारीं ‘एस. ओ. एस.’ हीं अक्षरें तोंडानें उच्चारल्यावर नीट ओळखूं येत नसत. मग संकटांत सांपडलेल्या वैमानिकानें असा कोणता शब्द उच्चारावा, कीं जो इंग्रजाला कळेल आणि फ्रेंचालाहि कळेल? क्रॉयडनचे बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनीं ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या ध्वनीवरून ‘मेडे’ हा शब्द सुचविला. संकटांतील वैमानिक आजहि तोच शब्द तीन वेळां उच्चारतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानांची संख्या व पल्ला इतका वाढला, कीं प्रत्येक देशानें आपापल्या रीतीनें बोलणें अशक्य झालें. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें नागरी विमानवाहतुकीसंबंधीं करार झाला. भारतहि त्यांत सामील होता. त्यांतूनच १९४७ सालीं आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना अस्तित्वांत आली. खरखरणाऱ्या यंत्रावर ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘टी’ हीं अक्षरें एकसारखींच ऐकूं येतात. म्हणून १ मार्च १९५६ पासून प्रत्येक अक्षरासाठीं अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा असे ठराविक शब्द रूढ करण्यांत आले. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांचा घोटाळा होऊं नये म्हणून पांचाला ‘फाइफ’ आणि नवाला ‘नायनर’ म्हणण्याची पद्धत पडली. भाषाशुद्धीच्या दृष्टीनें हे उच्चार ओबडधोबड आहेत. परंतु त्यांचा हेतु शोभा हा नसून सुरक्षितता हा आहे.

या संभाषणाची रचना समजून घेणें अवश्य आहे. एका क्षेत्रांतील सर्व विमानें एकाच लहरीवर ऐकत व बोलत असतात. एक जण बोलत असतांना दुसऱ्यानें थांबावें लागतें. दोघांनीं एकाच क्षणीं कळ दाबली, तर इतरांना शब्दांऐवजीं केवळ कर्कश शीळ ऐकूं येते. या लहरीवर प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेच्या तीन पायऱ्या असतात. नियंत्रक आज्ञा सांगतो, ही पहिली. वैमानिक ती आज्ञा आंकड्यांसह परत म्हणून दाखवितो, ही दुसरी. आणि वैमानिकानें परत म्हटलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें नियंत्रक कान देऊन ऐकतो, ही तिसरी. पहिली पायरी कोणी विसरत नाहीं. दुसरी घाईंत आंखडली जाते. तिसरी मात्र सर्वांत अवघड, कारण आपणच सांगितलेली गोष्ट परत ऐकतांना माणसाचें मन ती कानांनीं न ऐकतां आठवणीनें ऐकतें.

या पायऱ्यांपैकीं एक जरी ढांसळली तरी काय होतें, याचें भारताला जन्मभर विसरतां न येणारें उदाहरण २४ जानेवारी १९६६ रोजीं घडलें. एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ नांवाचें बोइंग ७०७ विमान मुंबईहून निघून दिल्ली व बैरूत या मार्गानें जिनीव्हास चाललें होतें. विमानांत १०६ उतारू व ११ कर्मचारी होते. भारताच्या अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा हे व्हिएन्ना येथें जाण्यासाठीं याच विमानांतून प्रवास करीत होते. कप्तान डिसूझा हे अनुभवी वैमानिक होते. दिशा व स्थान दाखविणाऱ्या दोन यंत्रांपैकीं एक बैरूतपासून नादुरुस्त झालेलें होतें. तेव्हां आपण नेमके कोठें आहों हें ठरवितांना कप्तानांना आपल्या हिशेबावर अधिक विसंबावें लागत होतें.

सकाळची वेळ होती. विमान १९,००० फुटांवर होतें आणि समोर युरोपांतील आल्प्स पर्वताचें सर्वांत उंच शिखर, माँ ब्लां, होतें. जिनीव्हाच्या नियंत्रकानें सांगितलें, कीं हीच उंची राखावी. मात्र खालचें स्पष्ट दिसत असेल आणि ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहतां येत असेल, तर उतरण्यास हरकत नाहीं. वैमानिकानें तें मान्य केलें आणि आपण आतां माँ ब्लांच्या बाजूनें पुढें जात आहों, असें कळविलें. हें त्याचें अनुमान चुकीचें होतें. विशेष हें, कीं ही चूक नियंत्रकाच्या ध्यानांत आली. रडारच्या पडद्यावर त्याला विमान शिखराच्या अलीकडे दिसत होतें. त्यानें ताबडतोब दुरुस्ती सांगितली. ती थोडक्यांत अशी होती: माँ ब्लांपर्यंत तुम्हांला पांच मैल आहेत. वैमानिकाचें उत्तर आलें, ‘रॉजर’. त्यानंतर विमान खालीं उतरूं लागलें आणि शिखराजवळ सुमारें ४,७५० मीटर उंचीवर बर्फाच्छादित कड्यावर आदळलें. ११७ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं.

फ्रेंच चौकशीनें या घटनेचा जो अर्थ लावला, तो प्रत्येक बोलणाऱ्यानें व ऐकणाऱ्यानें मनन करण्यासारखा आहे. नियंत्रकाला विमानाचें खरें स्थान ठाऊक होतें. तें वैमानिकाला कळावें अशी त्याची इच्छा होती. आपल्या वाक्यानें तें कळलें असा त्याचा प्रामाणिक समज होता. परंतु त्या वाक्याची शब्दयोजना पुरेशी नेमकी नव्हती. ‘पांच मैल’ हा आंकडा बरोबर होता. पण ‘शिखर अद्याप पुढें आहे, तुम्ही तें ओलांडलेलें नाहीं’ हा इशारा वाक्यांत गर्भित होता, उच्चारलेला नव्हता. शिखर मागें पडलें असें ज्याच्या मनानें ठरविलें होतें, त्याला त्या शब्दांत आपल्याच समजुतीला आधार सांपडला असावा. आणि ‘रॉजर’ या शब्दाचा अर्थ ‘तुमचा संदेश मिळाला’ एवढाच होतो; तो कोणत्या अर्थानें मिळाला, हें त्यांत येत नाहीं. वैमानिकानें आपल्या शब्दांत ‘म्हणजे शिखर मागें पडलें ना?’ असें एकदां विचारलें असतें, किंवा नियंत्रकानें त्या ‘रॉजर’वर समाधान न मानतां स्थान परत म्हणवून घेतलें असतें, तर त्या सकाळचा इतिहास कदाचित् निराळा झाला असता. भुसावळच्या स्टेशनमास्तराचा तो खासगी आंकडा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

डोंगर आणि समजूत यांची अशीच टक्कर महाराष्ट्रांतहि झालेली आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्रीं, म्हणजे येथील घड्याळाप्रमाणें मध्यरात्र उलटून गेल्यावर, अलितालिया कंपनीचें डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असतां पुणें जिल्ह्यांत जुन्नरच्या बाजूला दावंड्याच्या डोंगरावर आदळलें. ९४ माणसें मृत्यु पावलीं. पावसाळ्याचे दिवस, काळोख, आणि खालीं सह्याद्रीची रांग. चौकशींत असें ठरलें, कीं आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलों आहों असा वैमानिकाचा समज झाला आणि त्यानें वेळेआधींच उतरावयास आरंभ केला. उपलब्ध साधनांनीं आपलें स्थान पडताळून पाहिलें नाहीं. नेमून दिलेली किमान सुरक्षित उंची सोडली. आणि त्या वाटेवरच्या डोंगराळ मुलखाची त्याला ओळख नव्हती. हा दोष मुख्यतः मार्गशोधनाचा होय, संभाषणाचा नव्हे. तरी त्यांतून संभाषणाची एक मर्यादा ध्यानांत येते. नियंत्रकाशीं बोलणारा वैमानिक आपल्या समजुतीप्रमाणें बोलत असतो. जेथें नियंत्रकाला विमान प्रत्यक्ष दिसत नाहीं, तेथें ती समजूत हीच त्यालाहि वस्तुस्थिति वाटते. अशा वेळीं दोघांचें बोलणें सुरळीत, सभ्य आणि सुसंगत चालूं शकतें, आणि तरीहि तें दोघेहि एका चुकीच्या नकाशावर बोलत असूं शकतात.

मुंबईनें याच विषयाचा एक निराळा नमुना दोनदां पाहिला. सुदैवानें दोन्ही वेळां प्राणहानि झाली नाहीं. मुंबईस जुहू आणि सांताक्रूझ असे दोन विमानतळ अगदीं शेजारीं आहेत, आणि त्यांच्या पूर्व-पश्चिम धांवपट्ट्यांची दिशाहि जवळजवळ सारखी आहे. मोठीं विमानें सांताक्रूझला उतरावयाचीं; जुहूची पट्टी फार आंखूड. १५ जुलै १९५३ रोजीं एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलें. पुढें २४ सप्टेंबर १९७२ रोजीं सकाळीं जपान एअरलाइन्सचें डीसी-८ विमान त्याच समजुतीनें जुहूच्या पट्टीवर उतरलें, पट्टी संपल्यावर पुढें घसरत गेलें आणि दुरुस्तीच्या पलीकडे मोडलें. नियंत्रकानें उतरण्याची परवानगी दिली ती सांताक्रूझच्या पट्टीसाठीं; वैमानिकाच्या डोळ्यांसमोर होती ती जुहूची पट्टी. ‘धांवपट्टी’ हा शब्द दोघांचा एकच. वस्तु मात्र दोन. शब्द जुळले म्हणजे अर्थ जुळलेच असें नाहीं, हा धडा याहून स्पष्टपणें कोणी शिकवूं शकणार नाहीं.

या विषयांतील सर्वांत मोठी आपत्ति २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या ताब्यांतील तेनेरीफ बेटावर ओढवली. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बचा स्फोट झाल्यामुळें अनेक विमानें या लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं होतीं. दुपारीं दाट धुकें उतरलें. एक डच जंबो विमान धांवपट्टीच्या टोकाला उड्डाणाच्या तयारींत उभें होतें. त्याच पट्टीवरून एक अमेरिकन जंबो विमान बाहेर पडण्याची वाट शोधीत सावकाश येत होतें. मनोऱ्यावरील नियंत्रकाला दोन्ही दिसत नव्हतीं. त्यानें डच विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गानें जावयाचें तें सांगितलें. त्या वाक्यांत ‘उड्डाण’ हा शब्द होता, पण ती उड्डाणाची परवानगी नव्हती. डच उपवैमानिकानें मार्ग परत म्हणून दाखविला आणि शेवटीं आपण आतां उड्डाणावर आहों अशा अर्थाचे शब्द जोडले. निघालों आहों, कीं निघण्यास तयार आहों? त्या शब्दांतून दोन्ही अर्थ निघत होते. नियंत्रक म्हणाला, ‘ठीक’. आणि क्षणभर थांबून म्हणाला, उड्डाणासाठीं थांबा, मी बोलावीन. नेमक्या त्याच क्षणीं अमेरिकन वैमानिकहि आपण अद्याप पट्टीवर आहों असें सांगूं लागला. दोन आवाज एकमेकांवर पडले, आणि डच विमानांत स्पष्ट ऐकूं आलें तें प्रामुख्यानें ‘ठीक’ एवढेंच.

तरीहि एक संधि शिल्लक होती. डच विमानांतील यंत्रज्ञानें शंका काढली, कीं तें अमेरिकन विमान पट्टीबाहेर गेलेलें नाहीं काय? कप्तान हा कंपनींतील अत्यंत ज्येष्ठ व मान्यवर शिक्षक. त्यानें ठासून सांगितलें, कीं गेलेलें आहे. शंका तेथेंच विरली. कांहीं क्षणांत ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. या अपघातानंतर एक साधा, पण मोलाचा नियम रूढ झाला. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच ‘टेक-ऑफ’ हा शब्द वापरावयाचा. अन्य प्रसंगीं ‘डिपार्चर’ म्हणावयाचें. एका शब्दाला एकच काम नेमून देण्यासाठीं एवढी किंमत मोजावी लागली.

भारतापुरतें पाहिलें तर या इतिहासांतील सर्वांत काळें पान १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळचें आहे. सौदी अरेबियाचें जंबो विमान दिल्लीहून निघून वर चढत होतें. त्याला १४,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाकस्तानचें इल्यूशिन विमान दिल्लीकडे उतरत येत होतें. त्याला १५,००० फुटांवर थांबावयाचें होतें. जाण्यायेण्याचा मार्ग एकच होता. दोघांमध्यें राहावयाचें अंतर फक्त हजार फूट. नियंत्रकानें कझाक विमानाला समोरून येणाऱ्या विमानाची सूचना दिली. अंतर किती, असें तिकडून विचारण्यांत आल्यावर तेंहि सांगितलें. परंतु इल्यूशिन १५,००० फुटांवर थांबलें नाहीं. हरियाणांतील चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ३४९ जण मृत्युमुखीं पडले.

न्यायमूर्ति आर. सी. लाहोटी यांच्या चौकशींत कझाक विमानानें नेमून दिलेली उंची सोडली हें मुख्य कारण ठरलें. आणि त्याच्या मुळाशीं इंग्रजीचें अपुरें ज्ञान व त्यामुळें नियंत्रकाच्या बोलण्याचा झालेला चुकीचा अर्थ ही गोष्ट दाखवून देण्यांत आली. त्या विमानांत नियंत्रकाशीं बोलण्याचें काम वैमानिकाकडे नसून एका निराळ्या बिनतारी कर्मचाऱ्याकडे होतें. विमान ज्याच्या हातीं, त्याच्या कानीं आज्ञा दुसऱ्याच्या तोंडून जावयाची. आणि ज्याच्या कानीं आज्ञा, त्याच्यापुढें उंची दाखविणारें स्वतंत्र यंत्र नव्हतें. शिवाय त्या वैमानिकांना उंची मीटरमध्यें मोजण्याची संवय, आणि दिल्लीचा हिशेब फुटांचा. अशा रीतीनें एक आज्ञा तीन ठिकाणीं भाषांतरित होत होती: इंग्रजींतून दुसऱ्या भाषेंत, फुटांतून मीटरांत, आणि एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे. प्रत्येक भाषांतरांत कांहींतरी गळण्याचा संभव असतो, हें साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. येथें मात्र जें गळलें तें शब्दसौंदर्य नव्हतें.

या आपत्तीनंतर दिल्लीस येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे करण्यांत आले, विमानाची उंची नियंत्रकाला आपोआप दाखविणारीं नवीं रडारें बसलीं, आणि समोरासमोर येणाऱ्या विमानांना स्वतः इशारा देणारें यंत्र भारतांत सक्तीचें झालें. आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००३ सालीं भाषाप्रावीण्याचे नियम केले आणि २००८ पासून ते लागू झाले. परदेशीं उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला व त्याच्याशीं बोलणाऱ्या नियंत्रकाला एका ठराविक पायरीपर्यंत इंग्रजी बोलतां व समजतां आलेंच पाहिजे, असें ठरलें. त्यांतील एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. हे नियम ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठींहि आहेत. त्यांनींहि आपल्या गांवचे वाक्प्रचार, भरधांव बोलणें आणि शब्दांचे आडवळणी अर्थ बाजूला ठेवून नेमकें व सावकाश बोलावयाचें आहे. ऐकणाऱ्यापर्यंत न पोंचणारी अस्खलित भाषा आकाशांत निरुपयोगी ठरते.

या सर्व इतिहासाचा खानदेशाशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. तो संबंध आतां पूर्वींपेक्षां पुष्कळ जवळचा झालेला आहे. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ सालीं झाली आणि ज्याच्याशीं जे. आर. डी. टाटांच्या उड्डाणाचे पहिले धडे निगडित आहेत, त्याच संस्थेनें धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धांवपट्टीवर विद्यार्थ्यांना उड्डाण शिकविलें. शिरपूरजवळ तांडे येथेंहि वैमानिक घडविणारी शाळा निघाली. जळगांवच्या नव्या विमानतळाचें उद्घाटन २०१२ सालीं झालें, आणि डिसेंबर २०१७ मध्यें तेथून मुंबईस प्रवासी विमान गेलें. तापी आणि पांझरा यांच्या कांठचीं मुलें एके काळीं आकाशांत दूरवर चाललेली पांढरी रेघ पाहून विमान ओळखीत; आज त्यांच्या शेतांवरून लहान शिकाऊ विमानें घिरट्या घालतांना दिसतात.

या शिकाऊ वैमानिकाला विमान उडविण्याच्या परवान्याबरोबर रेडिओवर बोलण्याचा निराळा परवाना मिळवावा लागतो. त्याच्या घरीं कदाचित् अहिराणी बोलली जात असेल, शाळेंत तो मराठींत शिकला असेल, आणि विमानांत त्याला इंग्रजीचा एक चमत्कारिक, कातरलेला प्रकार बोलावा लागतो. जेथें नियंत्रणाचा मनोरा नाहीं अशा धांवपट्टीवर तो आपली जागा, उंची व पुढचा हेतु स्वतःहून लहरीवर जाहीर करतो, म्हणजे आसपासच्या दुसऱ्या विमानाला ती कळावी. हे शब्द थोडे आहेत आणि पाठ करण्यासारखे आहेत. त्यांची त्याला फारशी अडचण पडत नाहीं. खरी अडचण आणखी एका शब्दाची आहे. तो म्हणजे ‘पुन्हां सांगा’.

आपल्या घरांत वडिलधाऱ्यांनीं एकदां सांगितलें म्हणजे तें ऐकावयाचें असतें. दुसऱ्यांदां विचारणें हें मंदपणाचें नाहीं तर उद्धटपणाचें लक्षण मानलें जातें. वर्गांत गुरुजींनीं ‘समजलें ना?’ असें विचारल्यावर सर्व वर्ग एका आवाजांत ‘समजलें’ म्हणतो. न समजलेला मुलगाहि त्याच आवाजांत मिसळतो. ही संवय केवळ आपलीच आहे असें नव्हे. तेनेरीफच्या धुक्यांतील त्या यंत्रज्ञानें शंका काढली खरी, पण ज्येष्ठाच्या एका ठाम उत्तरापुढें ती दुसऱ्यांदां उच्चारली नाहीं. त्यामुळें आधुनिक विमानशाळांत कनिष्ठानें ज्येष्ठाला शंका विचारणें, आणि उत्तरानें समाधान न झाल्यास ती पुन्हां विचारणें, हें कर्तव्य म्हणून शिकवितात. विनय सोडावयाचा नाहीं. परंतु विनय म्हणजे मौन नव्हे, हें मनावर बिंबवावयाचें. नियंत्रकालाहि हाच नियम लागू आहे. ‘रॉजर’ ऐकून त्याला हायसें वाटतां कामा नये. आपण सांगितलेली उंची वैमानिकाच्या तोंडून परत ऐकूं येईपर्यंत त्याचें काम संपत नाहीं.

गेल्या शंभर वर्षांत विमानें मोठीं झालीं, रडारें सूक्ष्म झालीं, आणि कांहीं संदेश आतां आवाजाऐवजीं पडद्यावर अक्षरांच्या रूपानेंहि पाठविले जातात. तथापि अडचणीच्या वेळीं माणूस माणसाशीं बोलतो, आणि त्या वेळीं जुनाच प्रश्न पुन्हां उभा राहतो: सांगितलेलें आणि समजलेलें एक आहे काय? माँ ब्लांच्या बर्फावर, तेनेरीफच्या धुक्यांत आणि चरखी दादरीच्या शेतांत या प्रश्नाचें उत्तर न विचारतांच गृहीत धरलें गेलें. भुसावळच्या मार्गावर टेलिफोन कानाला लावून रात्रपाळीचा एखादा स्टेशनमास्तर तक्त्यांतील आंकडा सावकाश वाचून दाखवितो, तेव्हां तो हाच प्रश्न विचारीत असतो. गाडी थोडी उशिरा सुटते. पण सुखरूप पोंचते.